मज्जारज्जूतला स्ट्रोक: "किती वाजता?" हे आम्हाला अकराव्या दिवशी विचारलं गेलं

तासगावकर | ६ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता बहीण घरी आली आहे, थोडी उसंत मिळाली म्हणून लिहितो. लांबेल, पण वाचा. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

धाकटी बहीण, वय २३. बीएड करते. तब्येत ठणठणीत, कधी साधं सलाईनसुद्धा लागलेलं नाही. १२ ऑक्टोबरला रविवार होता, घरात दिवाळीची साफसफाई काढली होती. माळ्यावरचं सगळं खाली, लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढायचं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. कपाट हललं आणि ती "आई गं" म्हणून खाली बसली. दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत, कुणी सुरी खुपसावी तशी कळ. आम्हाला वाटलं चमक भरली. आईनं बाम चोळला, तिला आडवं केलं.

साधारण अर्ध्या तासानं म्हणाली, पायाला मुंग्या येतायत. संध्याकाळी साडेसहाला उठायला गेली तर पाय उचलेनात. मी तिला उचलून रिक्षात घातलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. रात्री नऊपर्यंत लघवी झाली नव्हती आणि ओटीपोट फुगलं होतं. तेव्हा गाडी करून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी धावपळ केली, मला त्यांच्यावर डूख धरायचा नाही.

कॅज्युअल्टीत पहिला शब्द ऐकला तो जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवरचा आजार. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत साथ आली होती ना, तेव्हापासून तरुण माणसाचे पाय गेले की सगळ्यांच्या तोंडी आधी तेच येतं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नव्हता, म्हणून त्यांची खात्री आणखी वाढली. रात्री अकराला एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल. नसांची तपासणी झाली, तीही जवळपास नॉर्मल. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी फक्त २, म्हणजे नॉर्मल, प्रोटीन किंचित वाढलेलं. तिसऱ्या दिवशी निदान बदलून ट्रान्सव्हर्स मायलायटिस झालं, म्हणजे मज्जारज्जूला सूज. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइड. फरक शून्य. आठव्या दिवशी पुन्हा एमआरआय केला, त्यात डी ४ ते डी ८ पर्यंत (छातीमागच्या मणक्यांचे हे क्रमांक) मज्जारज्जूत पांढरा पट्टा दिसला आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो चमकलाही. "बघा, मायलायटिसच आहे," असं म्हणून प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव बदलणं, सुरू. लक्ष्मीपूजन आम्ही आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर केलं.

पाडव्याला, म्हणजे अकराव्या दिवशी, मामांच्या ओळखीतून दुसरे न्यूरॉलॉजिस्ट बघायला आले. त्यांनी फाईल उघडलीच नाही. खुर्ची ओढून बसले आणि मला विचारलं, "कळ किती वाजता आली? मुंग्या किती वाजता? पाय उचलेनात ते किती वाजता? त्यानंतर आणखी वाढलं का?" मी सांगितलं, चारच्या सुमारास कळ, साडेचार-पावणेपाचला मुंग्या, साडेसहाला पाय गेले, त्यापुढे वाढलं नाही. ते म्हणाले, "अडीच तासांत सगळं संपलं. सूज इतकी घाई करत नाही. हा रक्तपुरवठ्याचा प्रकार आहे."

मग त्यांनी आधीच्याच एमआरआयवर बोट ठेवलं. मज्जारज्जूच्या शेजारी डी ६ मणक्याच्या हाडातसुद्धा एक पांढरा डाग होता. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. डी ६ आणि डी ७ मधली गादी चपटलेली, काळवंडलेली, आणि तिचा थोडा भाग हाडात घुसलेला. शेवटी कार्डावर लिहिलं गेलं: मज्जारज्जूचा स्ट्रोक, बहुधा फायब्रोकार्टिलेजिनस एम्बोलिझम. म्हणजे गादीतल्या मऊ गराचा कण रक्तवाहिनीत शिरून तिथे अडकला.

स्ट्रोक मेंदूत होतो एवढंच मला माहीत होतं. पाठीत होतो हे ऐकलंच नव्हतं. जाणकारांनी लिहावं. आमचं काय चुकलं हे मला समजून घ्यायचं आहे.

मज्जातंतू | ६ जानेवारी, रात्री ११:५५

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. आधी हे सांगतो: तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही त्याच रात्री मोठ्या ठिकाणी पोचलात, घरच्या माणसांच्या हातात तेवढंच असतं.

एकूण स्ट्रोकपैकी मज्जारज्जूचे स्ट्रोक सुमारे एक टक्का. त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात दोन-तीनच पाहिलेले असतात, आणि कदाचित त्याहून जास्त न ओळखता पाहिलेले असतात. ही दुसरी गोष्ट मला जास्त छळते.

रचना समजून घ्या. मज्जारज्जूच्या पुढून एकच धमनी वरून खाली जाते, मागून दोन जातात. पुढची एकटी जवळजवळ दोन-तृतीयांश मज्जारज्जू पोसते. तिला वाटेत महाधमनीच्या फांद्यांमधून भर पडते. त्यातली सर्वांत मोठी फांदी आडामकिएविचची धमनी. क्राकोवमध्ये काम करणाऱ्या अल्बर्ट आडामकिएविच यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन केलं. बहुतेकांमध्ये ती डाव्या बाजूनं, डी ९ ते डी १२ च्या दरम्यान आत शिरते. तिच्या वरचा, छातीच्या मधला भाग पुरवठ्याच्या दृष्टीनं तोकडाच असतो.

आता पुढची धमनी बंद पडली तर काय होतं ते बघा. पाय जातात, लघवी अडते, दुखणं आणि गरम-गार कळत नाही. पण मागच्या दोन धमन्या शाबूत असतात, म्हणून पायाचं बोट वर आहे की खाली ते कळतं आणि ट्यूनिंग फोर्कची कंपनं जाणवतात. हा फरक तपासायला स्पिरिटचा बोळा आणि ट्यूनिंग फोर्क एवढंच लागतं. तुमच्या बहिणीचं पहिल्या रात्री असं काही तपासलं होतं का?

वेळेबद्दल: मायलायटिसच्या २००२ मध्ये ठरलेल्या निकषांत लक्षणं टोकाला पोचायला ४ तास ते २१ दिवस धरले आहेत. चार तासांच्या आत सगळं आटोपलं तर रक्तवाहिनीचा विचार आधी करायचा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटानं मज्जारज्जूच्या स्ट्रोकचे निकष मांडले, त्यात १२ तासांच्या आत तीव्र दुबळेपणा ही मुख्य खूण आहे. त्यांच्या १३३ रुग्णांपैकी तीन-चतुर्थांशांहून थोडे जास्त असे होते. आणि जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल होता. म्हणून "एमआरआय नॉर्मल, म्हणजे मज्जारज्जू ठीक" हा निष्कर्ष पहिल्या दिवशी काढायचा नसतो.

हातोडीबद्दल एक. मज्जारज्जूला अचानक धक्का बसला की सुरुवातीचे काही दिवस खालचे सगळे प्रतिक्षेप (हातोडीनं पाय उडणं वगैरे) बंद पडतात, पाय लुळे पडतात. त्यामुळे ते जीबीएससारखं दिसतं. पण जीबीएसमध्ये छातीवर एक रेघ आखावी तसं "इथून खाली बधिर" सहसा नसतं, आणि पहिल्या काही तासांत लघवी अडून बसत नाही. या दोन गोष्टी दिसल्या की मज्जारज्जूकडे बघायचं.

तासगावकर | ७ जानेवारी, सकाळी ७:१०

डॉक्टर, मनापासून आभार. बोट वर-खाली किंवा गरम-गार तपासल्याचं मी तरी पाहिलं नाही. मला बाहेर बसवलं होतं. फाईलमध्ये "संवेदना कमी" एवढंच लिहिलंय.

क्ष_किरण | ७ जानेवारी, दुपारी १:२५

मी रेडिऑलॉजिस्ट. हे वाचून अस्वस्थ झालो, कारण रिपोर्ट लिहिणारा मीही असू शकलो असतो.

आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा "दोन्ही पायांत अशक्तपणा, मणक्याचा एमआरआय" इतकंच असतं. त्यावर आम्ही नेहमीचे सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे प्रकार, घेतो. मेंदूचा स्ट्रोक शोधताना आम्ही न विचारता डिफ्यूजन (ताजा स्ट्रोक दाखवणारा सिक्वेन्स) घेतो, मणक्याला मात्र तो मुद्दाम लावावा लागतो. चिठ्ठीवर "अचानक, अमुक तासांत, इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेला भाग) आहे का" एवढे शब्द असले तर तंत्रज्ञ डिफ्यूजन लावतो. काही मिनिटांचं काम असतं. त्याचा उपयोग पहिल्या आठवड्याभरात सर्वांत जास्त. अकराव्या दिवशी ती खूण पुसट झालेली असणार.

मज्जारज्जूचा आडवा छेद बघितला तर पुढच्या बाजूला दोन गोल ठिपके दिसतात, घुबडाच्या डोळ्यांसारखे. उभ्या छेदात पेन्सिलीसारखी बारीक लांब रेघ. पण हे ठिपके दुसऱ्या आजारांतही दिसू शकतात, त्यामुळे एकट्या त्यांच्यावर विसंबू नये. खरी पक्की साक्ष शेजारच्या हाडाची. मणक्याचं हाड आणि मज्जारज्जू एकाच फांदीतून रक्त घेतात. दोन्हींत एकाच पातळीवर डाग असेल तर रक्तच पोचलं नाही असं म्हणता येतं, कारण सूज येऊन हाडात डाग पडत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तेच घडलं. आम्ही मणक्याच्या नळीत, मज्जारज्जूकडेच, बघत बसतो आणि हाड डोळ्यांसमोर असून निसटतं.

कॉन्ट्रास्टनं चमकलं म्हणून मायलायटिस, हेही बरोबर नाही. स्ट्रोकनंतर काही दिवसांनी इन्फार्क्टसुद्धा कॉन्ट्रास्ट घेतो.

आणखी एक, हे जिवावरचं आहे: मणक्याच्या फिल्मवर पुढच्या बाजूला महाधमनी दिसते. अचानक पाठीत कळ आणि पाय गेलेत अशा माणसाची महाधमनी बघितल्याशिवाय फिल्म खाली ठेवू नये. तिच्या भिंतीचे थर सुटले असले तर पाय हा नंतरचा प्रश्न आहे. शंका असेल तर लगेच सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी.

पशुवैद्य_फलटण | ७ जानेवारी, रात्री ९:३०

मी माणसांचा डॉक्टर नाही, जनावरांचा. तरी लिहावंसं वाटलं, कारण तुमच्या बहिणीला जे झालं ते आमच्याकडे पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं दुखणं आहे.

मोठ्या जातीचा कुत्रा, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, मैदानात पळतोय, चेंडूमागे उडी मारतो, एकदा "क्यांव" करतो आणि मागचे पाय ओढायला लागतो. मालक सांगतो, "डॉक्टर, आत्ता पाच मिनिटांपूर्वी पळत होता." बऱ्याचदा एक बाजू जास्त गेलेली असते. पाठ दाबली तर थोड्या वेळानं दुखतही नाही. चोवीस तासांनंतर वाढत नाही. हे ऐकलं की आम्ही पहिल्यांदा फायब्रोकार्टिलेजिनस एम्बोलिझम म्हणतो. डाशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात मात्र गादी सरकून मज्जारज्जू दबल्याची शक्यता आधी धरायची, आणि तिथे पाठ दुखत राहते.

पक्कं निदान आम्हालाही शवविच्छेदनातच मिळतं. जिवंतपणी आम्ही इतिहास, एमआरआय मिळाला तर एमआरआय, आणि बाकीचं वगळणं यावर चालतो. बरेच कुत्रे व्यायामानं पुन्हा चालतात, विशेषतः बोट जोरात चिमटल्यावर ज्यांना ते कळतं असे. हे मी धीर द्यायला लिहीत नाही, रोज बघतो म्हणून लिहितो.

मज्जातंतू | ७ जानेवारी, रात्री १०:१५

पशुवैद्य, तुमची पोस्ट मी उद्या माझ्या रेसिडेंट मुलांना वाचून दाखवणार आहे. माणसांमध्येही हीच गोष्ट आहे. १९६१ मध्ये पहिली नोंद झाली ती पडल्यानंतर पाय जाऊन दगावलेल्या १५ वर्षांच्या मुलाची. शवविच्छेदनात मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांत गादीचा गर सापडला. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा काढून बघणं बरोबर नाही, म्हणून आपण "बहुधा" हा शब्द लावतो. त्या "बहुधा" मागे बरंच काम असतं: महाधमनी ठीक, हृदय ठीक, रक्त गोठण्याचे दोष नाहीत, सुजेच्या अँटिबॉडी नाहीत, आणि शेजारची गादी खराब. तासगावकर, तुमच्याकडे कोणत्या तपासण्या झाल्या?

तासगावकर | ७ जानेवारी, रात्री ११:०५

फाईल समोर घेऊन लिहितो. सुजेच्या अँटिबॉडी, म्हणजे एक्वापोरिन ४, मॉग आणि एएनए, निगेटिव्ह. रक्त गोठण्याच्या दोषासाठी अँटिफॉस्फोलिपिडचे तिन्ही प्रकार निगेटिव्ह, ते बारा आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितलेत. व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), एचआयव्ही निगेटिव्ह. होमोसिस्टिन थोडं जास्त, बी १२ कमी (आम्ही शाकाहारी). छाती-पोटाच्या महाधमनीचा सीटी अँजिओ नॉर्मल. हृदयाचा बुडबुड्यांचा इको केला, छिद्र नाही. सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणीही केली.

पाऊलवाट | ८ जानेवारी, सकाळी ६:५०

माझं प्रकरण वेगळं आहे, पण याच धाग्यात बसेल. वय ६१, निवृत्त शिक्षक. २०२२ पासून चालताना पाय जड व्हायचे. सकाळच्या फेरीत पहिली दहा मिनिटं बरी, मग पाय शिशाचे. बाकड्यावर बसलो की थोडं बरं. आधी गुडघे म्हणून गोळ्या. मग लघवीला त्रास झाला, तो प्रोस्टेट ठरला आणि त्याचं ऑपरेशन झालं. मग कंबरेची गादी ठरली, तेही ऑपरेशन झालं. पाय आणखी गेले.

२०२४ मध्ये छातीच्या भागाचा एमआरआय पहिल्यांदा झाला. मज्जारज्जू सुजलेला दिसला, मायलायटिस म्हणून स्टिरॉइडच्या बाटल्या लावल्या. दुसऱ्या बाटलीनंतर त्याच रात्री उरलेले पायही गेले. काठीवर आलेला माणूस स्ट्रेचरवर गेला. मला सांगण्यात आलं, आजार वाढतोय. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी जुनी फिल्म उजेडात धरली आणि मज्जारज्जूच्या मागे काळ्या नागमोडी रेघा दाखवल्या. फुगलेल्या शिरा. अँजिओग्राफीत सापडलं की मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शीर यांचा थेट जोड झालाय. ड्युरल फिस्टुला. ती अँजिओ चार-साडेचार तास चालली, एकेक फांदी शोधत. मग ऑपरेशन करून तो जोड बंद केला.

आज वॉकरवर घरात चालतो. लघवीची नळी अजून आहे. दोन वर्षं आधी कुणी छातीची फिल्म काढून उजेडात धरली असती तर, हा विचार रोज पहाटे येतो.

मज्जातंतू | ८ जानेवारी, रात्री ९:४०

सर, तुमचं वाचून गप्प बसून राहिलो.

फिस्टुला हा या सगळ्या कुटुंबातला सर्वांत बरा होण्याजोगा आजार आहे आणि सर्वांत जास्त हुकणारा. बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष. तिथे मज्जारज्जूला रक्त कमी पोचतं ते शिरा तुंबल्यामुळे. घरात पाणी येतं पण मोरी तुंबली की जे होतं तसं. म्हणून तो तासांत येत नाही, महिने घेतो, चालल्यावर वाढतो, आणि मध्येच एखाद्या दिवशी झटक्यात पुढे सरकतो. पॅरिसमध्ये फ्वा आणि आलाजुआनिन यांनी १९२६ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा तो परत न फिरणारा मानला जायचा. आता जोड वेळेत बंद केला तर निदान पुढची घसरण थांबते.

स्टिरॉइडनंतर अचानक बिघडणं ही या आजारात नोंदलेली गोष्ट आहे. मायलायटिस समजून स्टिरॉइड दिलं आणि काही तासांत पाय आणखी गेले, तर "आजार वाढतोय" म्हणून पुढची बाटली लावू नये. थांबावं आणि शिरा शोधाव्यात.

अरुण_नागपूर | ९ जानेवारी, सकाळी ११:२०

मग स्टिरॉइड देऊच नये का? आमच्या भाच्याला खरंच मायलायटिस होता, तिसऱ्या दिवशी स्टिरॉइड सुरू केलं आणि तो महिनाभरात चालायला लागला. असले धागे वाचून उद्या कुणी नातेवाईक औषध अडवून बसेल अशी भीती वाटते.

मज्जातंतू | ९ जानेवारी, दुपारी ३:००

तुमची भीती रास्त आहे आणि मी तिच्या बाजूनं आहे. आपल्याकडे सुजेचे आजार स्ट्रोकपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. एनएमओमध्ये (डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूला सूज आणणारा आजार) उशीर झाला तर डोळे आणि पाय कायमचे जातात. शंका असताना पहिल्या दिवशी स्टिरॉइड सुरू करणारा डॉक्टर चुकत नाही. माझं म्हणणं निदानाबद्दल आहे. औषध सुरू झालं म्हणजे प्रश्न संपला असं होतं, आणि पाण्यात पेशी वाढलेल्या नाहीत, वेळ जुळत नाही, औषधाला दाद नाही, हे तिन्ही दिसत असूनही कुणी मागे वळत नाही. नातेवाइकांनी औषध अडवू नये. "लक्षणं अडीच तासांत आली होती, डॉक्टर, हे जुळतं का?" असं विचारावं.

सिकलची तपासणी तुमच्या भागातल्या प्रत्येक तरुण स्ट्रोक रुग्णाची व्हायलाच हवी. मज्जारज्जूत सिकलमुळे इन्फार्क्ट फार क्वचित होतो, पण विदर्भात, नंदुरबारकडे हा प्रश्न विचारायला एक चाचणी पुरते. क्षयाचंही तसंच. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात आणि मज्जारज्जूचा पुरवठा तुटू शकतो.

कॅथलॅब_सिस्टर | ९ जानेवारी, रात्री ८:१५

क्षयावरून आठवलं. जुन्या क्षयात खोकल्यातून खूप रक्त पडतं तेव्हा फुफ्फुसाकडे जाणारी ब्राँकियल धमनी कणांनी बंद करतात. आमचे डॉक्टर कण सोडण्याआधी चित्र मोठं करून पुन्हा पुन्हा बघतात, कारण काही लोकांत त्याच खोडातून मज्जारज्जूची पुढची धमनी निघते. चित्रात केसाच्या पिनेसारखं वळण दिसलं की हात थांबतो. पेशंटला आम्ही टेबलावरच पाय हलवायला सांगतो.

निशिगंध | १० जानेवारी, सकाळी ८:३०

मी योगवर्ग घेते. माझ्याकडे लहान मुली चक्रासन करतात. पाठ मागे वाकवून पाय गेल्याचं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं आहे का? काळजी वाटते.

मज्जातंतू | १० जानेवारी, दुपारी २:१०

खरं आहे, पण फार दुर्मिळ. २००४ मध्ये हवाईत पहिल्यांदाच सर्फिंग शिकणाऱ्या नऊ जणांचं वर्णन झालं. फळीवर पालथं झोपून छाती उचलून धरलेली, बराच वेळ. पाण्यातून बाहेर येता येता पाठ दुखली आणि तासाभरात पाय गेले. त्यांना कुठलाही मार लागला नव्हता. पुढे नाचाच्या सरावात कमान करणाऱ्या लहान मुलींमध्येही असंच आढळलं, चीनमधून तशा बऱ्याच नोंदी आल्या.

चक्रासन बंद करा असं मी म्हणणार नाही. मुलींना बराच वेळ कमानीत धरून ठेवू नका, पाठीवर दाब देऊन वाकवू नका. आणि कमानीत असताना "पाठीत दुखलं" पाठोपाठ "पायाला मुंग्या" असं कुणी म्हणालं तर तिला चालवून बघू नका. आडवी करा आणि रुग्णालयात न्या. बऱ्याच मुली पहिल्या मुंग्यांनंतर थोड्या चालल्या आणि मग कोसळल्या.

स्वरदा_फिजिओ | ११ जानेवारी, रात्री १०:००

निदानावर इतकं छान चाललंय, मी थोडं पुढचं लिहिते. निदान बदललं की आमचं काम बदलतं. मायलायटिस म्हटलं की घरचे पुढच्या औषधाची वाट बघत बसतात. स्ट्रोक म्हटलं की समजतं, आता कामाला लागायचंय.

लघवीची नळी महिनोन् महिने तशीच ठेवू नका. ठरावीक वेळेनं स्वतः नळी घालून लघवी काढणं शिकवलं जातं, ते शिका. मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत हे सगळं एका छताखाली मिळतं. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज आरशात बघा. गार-गरम कळत नसेल तर शेक देऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलेले पाय मी दरवर्षी बघते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज लवकर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेयोच्याच आधीच्या, २०१२ च्या अभ्यासात ११५ रुग्णांचा माग काढला होता. घरी जाताना व्हीलचेअरवर असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे चालू लागले, काही जण तर बऱ्याच उशिरा. म्हणून सहा महिन्यांत झालं तेवढंच, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

तासगावकर | १२ जानेवारी, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. बहिणीला धागा वाचायला दिला. सध्या ती दोन माणसांच्या आधारानं उभी राहते, उजवा पाय पुढे टाकते. लघवी दिवसातून पाच वेळा स्वतः काढते. तिनं इथं खातं उघडलंय, तिला काही सांगायचंय म्हणाली.

धाकटी | १२ जानेवारी, रात्री १०:४५

नमस्कार. दादानं सगळं लिहिलंय, पण दोन गोष्टी चुकल्यात. त्या त्याला माहीतच नव्हत्या. तीन महिन्यांत ज्यानं कुणी विचारलं त्यानं दादाला किंवा आईला विचारलं. मी पलंगावर शुद्धीत होते.

दादा, कपाट ओढताना मला कळ आलीच नव्हती. तेव्हा फक्त कंबर अवघडली. कपाटामागची जळमटं झाडली, धुरळा नाकात गेला आणि मी लागोपाठ सहा-सात वेळा जोरात शिंकले. शेवटच्या शिंकेला पाठीत फाटल्यासारखं झालं आणि मी खाली बसले. तू तेव्हा शिडी आणायला गेला होतास. आलास तेव्हा मी बसलेली होते, म्हणून तुला कपाट वाटलं.

दुसरी गोष्ट डॉक्टरकाकांच्या प्रश्नाची. पहिल्या रात्री नर्सताईंनी मांडीत इंजेक्शन द्यायला स्पिरिटचा बोळा फिरवला. ओला लागला, पण गार लागला नाही. सुईही टोचली नाही. मला वाटलं पाय पूर्ण मेलेत. मग त्यांनी पायमोजा चढवायला माझा अंगठा धरून वर केला, आणि वर छताकडे बघत असतानाही मला कळलं की अंगठा वर आहे. त्यांनी सोडला तेव्हा खाली आला तेही कळलं. मी त्यांना म्हणाले, "ताई, मला अंगठा कळतोय." त्या म्हणाल्या, "छान, म्हणजे बरी होशील," आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मज्जातंतू | १२ जानेवारी, रात्री ११:२०

बाळा, तू त्या रात्री साडेनऊच्या सुमारास स्वतःचं निदान सांगितलं होतंस. शिंकेनं गादीवरचा दाब एकदम वाढतो, तेही या आजारात बसतं. फाईलच्या पहिल्या पानावर ही दोन्ही वाक्यं तुझ्याच शब्दांत लिहून ठेव, तारीख आणि वेळेसह. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा दादाला बाहेर बसू दे आणि तू बोल.

धाकटी | १२ जानेवारी, रात्री ११:३२

लिहिलं. स्पिरिट अजून गार लागत नाही. डाव्या पायाच्या करंगळीला मात्र कालपासून थोडं लागतंय, आज तीनदा बघितलं.